अक्षरांचा वाढदिवस

लहान मुलाचा वाढदिवस हा घरांतील सर्वांच्याच आनंदाचा दिवस. परंतु अलीकडे हा आनंद बाजारांतून विकत आणण्याची चाल पडत चालली आहे. दिवाणखाना भाड्याच्या शोभेनें भरून जातो, मोठीं माणसें आपसांत बोलत बसतात, आणि ज्याच्यासाठीं हा सारा थाट, तें मूल मात्र गोंगाटानें भांबावून आईच्या खांद्यावर रडत असतें. म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं थोडक्या खर्चांत करतां येईल असा एक समारंभ आम्ही वाचकांस सुचवीत आहों. त्याचा विषय मुळाक्षरें.

हा विषय निवडण्यास कारण आहे. आपल्या सुशिक्षित घरांतील पुष्कळ मुलें आज इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. ए-बी-सी त्यांना झोपेंतहि म्हणतां येते. परंतु आजोबांनीं लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी त्यांस वाचतां येत नाहीं. एकाच छपराखालीं राहून आजी-आजोबा आणि नातवंडें लिहिण्यावाचण्यापुरतीं एकमेकांस परकीं व्हावींत, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं. एका संध्याकाळच्या खेळानें ती सुधारेल असें आमचें म्हणणें नाहीं. पण अक्षरांशीं पहिली ओळख हंसतखेळत झाली, तर पुढील वाट पुष्कळ सोपी होते.

प्रथम एक पथ्य. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं प्रमाण ठरविलेल्या मराठी वर्णमालेंत ५२ वर्ण आहेत. ते सर्व एका दिवसांत मांडण्याचा हव्यास धरूं नये. आठ-दहा मुलें बोलवावीं व प्रत्येकाच्या नांवाचें आद्याक्षर एवढींच अक्षरें घ्यावीं. तें अक्षर जाड पुठ्ठ्यावर मोठें काढून निमंत्रण म्हणून पाठवावें. "हें माझें अक्षर" म्हणून छातीशीं धरून मूल येतें, तेव्हां अर्धें काम झालेलें असतें.

आल्यावर मुलांना मोठ्या परातीभोंवतीं बसवावें. परातींत बारीक रवा पसरावा आणि ज्यानें त्यानें आपलें अक्षर बोटानें गिरवावें. रांगोळीची भुकटी मात्र नको. ती डोळ्यांत जाते. डॉ. माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून मूल अक्षर शिकतें; डोळ्यांबरोबर हातहि तें लक्षांत ठेवतो. आपल्या जुन्या धुळाक्षरांचें मर्महि हेंच होतें.

दुसरा खेळ आजीच्या हातीं द्यावा. तिनें एक अक्षर उच्चारावें आणि मुलांनीं त्या अक्षराची वस्तु घरांतून शोधून आणावी: त म्हटला कीं तांब्या, प म्हटला कीं पाट, व म्हटला कीं वाटी. ण आणि ळ यांनीं आरंभ होणारे शब्द आपल्या बोलण्यांत नाहींत. त्यांची गंमत निराळी. हीं अक्षरें लपून बसलीं आहेत असें सांगावें, म्हणजे बाणांतला ण आणि केळ्यांतला ळ मुलें आपण होऊन हुडकून काढतात. थोड्या मोठ्या मुलांना ग, म, भ, न हीं सारख्या घडणीचीं अक्षरें एकत्र दाखवावीं. मराठी शाळांत पुष्कळदां यांपासूनच आरंभ करतात, तो याच सोयीसाठीं.

खाण्याच्या पदार्थांत कडबोळ्यांसारखी सोय नाहीं. भाजणींत कडकडीत मोहन घालून, तिखट बेताचेंच ठेवून, पीठ चांगलें मळावें व करंगळीएवढ्या वळ्या कराव्या. शिरोरेघ वगळल्यास ट, ठ, ड हीं अक्षरें एकेका वळींतून सहज वळतात. ग किंवा श यांसारखीं तुटक अक्षरें तळतांना सुटतात. मंद आंचेवर तळावीं आणि मुलांस कढईपाशीं फिरकूं देऊं नये. इतक्या लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊं नयेत; ते घशांत अडकण्याचें भय असतें.

या सर्वांत एक गोष्ट कटाक्षानें टाळावी, ती म्हणजे परीक्षा. "म्हणून दाखव पाहूं" असें पाहुण्यांसमोर एकदां म्हटलें कीं खेळाची शाळा होते. ज्याला येतें तो फुशारतो, ज्याला येत नाहीं तो खालीं मान घालतो, आणि तें खालीं मान घालणें पुढें वर्षानुवर्षें पुस्तकासमोर टिकतें. बक्षिसें ठेवूं नयेत. एखादें मूल नुसतें पाहत बसलें, तर बसूं द्यावें.

दिवेलागणीस औक्षण करावें. त्यानंतर आजोबांनीं बाळाचा हात हातांत घेऊन पाटीवर त्याचें नांव लिहवावें. विद्यारंभीं "ॐ नमः सिद्धम्" लिहविण्याची जुनी रीत होती. आरंभाला आपण "ओनामा" म्हणतों तो त्यावरूनच.

हा उत्साह तेरड्याच्या रंगासारखा तीन दिवसांत उडून जाऊं नये, म्हणून शेवटची सूचना. दुसऱ्या दिवसापासून आजोबांनीं रोज रात्रीं नातवंडाच्या उशाशीं एका शब्दाची चिठ्ठी ठेवावी: आज "घर", उद्यां "नळ". सकाळीं ती चिठ्ठी घेऊन मूल कोणाकडे धांवतें, हें घरच्या मंडळींनींच पाहावें.