विश्लेषण : बुद्धिबळातील भाकिते का चुकतात? संगणकाच्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा?

कॅनडातील टोरंटो येथे एप्रिल २०२४मध्ये झालेल्या ‘कँडिडेट्स’ स्पर्धेत डी. गुकेश जिंकेल अशी आपण कल्पना करू शकत नाही, असे मॅग्नस कार्लसनने स्पर्धेपूर्वी म्हटले होते. आठ जणांमध्ये एलो गुणांनुसार गुकेशचा क्रमांक सहावा होता. प्रत्यक्षात १४ फेऱ्यांनंतर १७ वर्षीय गुकेशने ही स्पर्धा जिंकली आणि तो तिचा सर्वांत तरुण विजेता ठरला. अव्वल बुद्धिबळपटूंच्या प्रत्येक स्पर्धेपूर्वी आता टक्केवारीसह अंदाज वर्तवले जातात आणि डाव सुरू असताना संगणक प्रत्येक खेळीवर निकाल देत असतो. या दोन्ही आकड्यांवर किती विसंबायचे?

भाकिताचा आधार काय असतो?

बहुतेक अंदाजांच्या मुळाशी एलो गुणपद्धती असते. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांनी ती विकसित केली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे ‘फिडे’ने, १९७०मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या एलो गुणांतील फरकावरून त्यांच्यातील अपेक्षित निकाल काढता येतो. फरक १०० गुणांचा असेल, तर वरच्या खेळाडूने सरासरी ६४ टक्के गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते. टोरंटोत अग्रमानांकित फॅबियानो कारुआनाचे एलो गुण २८०३ होते, तर गुकेशचे २७४३. या फरकानुसार कारुआनाकडून अपेक्षा होती सुमारे ५८ टक्के गुणांची.

मात्र, ५८ टक्के गुण म्हणजे विजयाची ५८ टक्के शक्यता नव्हे. बुद्धिबळात बरोबरीचा अर्धा गुण असतो. अव्वल स्तरावर पारंपरिक प्रकारातील बरेच डाव बरोबरीत सुटतात. कार्लसन आणि कारुआना यांच्यातील २०१८च्या जगज्जेतेपद लढतीत तर पारंपरिक प्रकारातील १२च्या १२ डाव बरोबरीत सुटले होते. त्यामुळे अंदाज वर्तवणारे आधी विजय, बरोबरी आणि पराभव यांची शक्यता वेगवेगळी काढतात. मग संगणकावर संपूर्ण स्पर्धा हजारो वेळा ‘खेळवली’ जाते. त्यांपैकी जितक्या वेळा एखादा खेळाडू पहिला येतो, तितकी त्याची विजेतेपदाची टक्केवारी.

टोरंटोत भाकीत खरेच चुकले का?

एलो गुणांनुसार कारुआनाने १४ डावांत सुमारे ८.३ गुण मिळवणे अपेक्षित होते. त्याने मिळवले ८.५. म्हणजे कारुआनाबाबतचा अंदाज जवळपास तंतोतंत खरा ठरला, तरीही तो विजेता ठरला नाही. कारण गुकेशकडून अपेक्षा होती सुमारे ७ गुणांची आणि त्याने कमाई केली ९ गुणांची. कारुआना, हिकारू नाकामुरा आणि इयान नेपोम्नियाशी हे तिघेही अवघ्या अर्ध्या गुणाने मागे राहिले.

एका खेळाडूने १४ डावांत अपेक्षेपेक्षा दोन गुण अधिक मिळवणे ही फार मोठी उलथापालथ नाही. आठ जणांपैकी कुणी तरी अशी झेप घेणार, हे गणितालाही मान्य असते. ती कोण घेणार, हे मात्र गणित सांगू शकत नाही. म्हणूनच एखाद्या खेळाडूला जेतेपदाची ३० टक्के संधी दिली जाते, तेव्हा तो न जिंकण्याची शक्यता ७० टक्के आहे, हेही त्याच आकड्यात सांगितलेले असते. वाचताना नेमका हाच भाग निसटतो.

आकड्यांत काय दिसत नाही?

पहिली बाब म्हणजे दोन खेळाडूंचे परस्परांशी जुळणारे किंवा न जुळणारे गणित. नाशिकचा विदित गुजराथी टोरंटोत ६ गुणांसह सहावा आला. मात्र, आपल्यापेक्षा ६२ एलो गुणांनी वरचढ असलेल्या नाकामुराला त्याने दोन्ही डावांत पराभूत केले. अर्ध्या गुणाने मागे राहिलेल्या नाकामुरासाठी ते दोन गुण किती मोलाचे होते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी बाब मन:स्थितीची. सातव्या फेरीत वेळेच्या टंचाईत गुकेश अलिरेझा फिरूझाकडून पराभूत झाला. मात्र, त्यानंतरच्या विश्रांतीच्या दिवशी आपल्याला नवी ऊर्जा मिळाली, असे गुकेशने पुढे सांगितले. आठव्या फेरीत त्याने विदितला आणि तेराव्या फेरीत त्याच फिरूझाला नमवले.

तिसरी बाब स्पर्धेच्या स्वरूपाची. साखळी स्पर्धेत एका पराभवाची भरपाई करायला वेळ असतो. बाद पद्धतीच्या विश्वचषकात मात्र पारंपरिक प्रकाराचे केवळ दोन डाव आणि बरोबरी झाल्यास जलद डाव, एवढ्यावरच स्पर्धेतील भवितव्य ठरते. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातील बटुमी येथे १५वी मानांकित नागपूरकर दिव्या देशमुख महिलांच्या विश्वचषकाची विजेती ठरली. अंतिम लढतीत तिने अनुभवी कोनेरू हम्पीला टायब्रेकरमध्ये नमवले.

संगणकाचा ‘+१’ म्हणजे नेमके काय?

थेट प्रक्षेपणात पटाशेजारी पांढरी-काळी पट्टी वर-खाली होत असते. तो संगणकाचा कौल असतो. ‘स्टॉकफिश’ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत २०२२च्या अखेरीपासून ‘+१’चा अर्थ असा की, त्या स्थितीतून संगणक स्वत:शीच खेळला, तर पांढऱ्या मोहऱ्यांच्या विजयाची शक्यता ५० टक्के. यातील ‘स्वत:शीच’ हा शब्द महत्त्वाचा. पाच तास खेळून थकलेल्या, घड्याळात दोन मिनिटे उरलेल्या माणसाबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही.

टोरंटोतील अखेरच्या फेरीत याचाच प्रत्यय आला. कारुआना-नेपोम्नियाशी डावात संगणक कारुआनाला विजयाच्या स्थितीत दाखवत होता. तो डाव कारुआनाने जिंकला असता, तर त्याची गुकेशशी बरोबरी होऊन टायब्रेकर खेळवावा लागला असता. मात्र, कारुआनाला संधी साधता आली नाही आणि १०९ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला.

याउलट, शून्य म्हणजे धोका टळला असेही नाही. डिसेंबर २०२४मध्ये सिंगापूर येथे गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातील जगज्जेतेपदाच्या लढतीत १३ डावांनंतर ६.५-६.५ अशी बरोबरी होती. चौदाव्या डावात गुकेशकडे एक प्यादे अधिक होते, पण संगणकाच्या मते स्थिती समतोल होती. तरीही प्रत्येक चालीवर अचूक बचाव करण्याचे ओझे डिंगवरच होते. ५५व्या चालीला त्याने हत्ती चुकीच्या घरात नेला, मोहऱ्यांची अदलाबदल अटळ झाली आणि गुकेश जगज्जेता ठरला.

मग डावाचे मूल्यमापन कसे करावे?

‘अचूकता ९८ टक्के’ यासारखे आकडे खेळाडूच्या चाली संगणकाच्या पसंतीच्या किती जवळ होत्या, एवढेच सांगतात. मोहऱ्यांची लवकर अदलाबदल होऊन बरोबरीत सुटलेल्या डावात दोघांचीही अचूकता उंच दिसते. गुंतागुंतीच्या, धाडसी डावात ती घसरते. त्यामुळे कमी अचूकतेचा डाव हा वाईट डाव असतोच असे नाही.

जाणकार एखाद्या चुकीकडे पाहताना आणखी तीन गोष्टी तपासतात. खेळाडूकडे वेळ किती होता? योग्य चाली अनेक होत्या, की एकच? आणि ती चाल माणसाला सुचण्याजोगी होती का? टोरंटोत पहिल्या ४० चालींसाठी दोन तास होते आणि तोवर प्रत्येक चालीमागे वाढीव सेकंद मिळत नव्हते. अशा वेळी ३८व्या चालीला झालेली चूक आणि दहाव्या चालीला झालेली चूक यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पट्टी खाली आली, की समाजमाध्यमांवर खेळाडूची खिल्ली उडवली जाते. परंतु पाहणाऱ्याच्या हातातील मोबाइलमध्ये उत्तर तयार असते, पटावर बसलेल्याला ते शोधायचे असते.