हार्ड डिस्कचं हार्ट ट्रान्सप्लांट

लॅपटॉप ऑन करायचा, चहा टाकायचा, तो उकळून-गाळून-पिऊन व्हायचा आणि तरी स्क्रीनवरचं ते गोल चक्र गरगरतंच आहे... ओळखीचं वाटतंय ना? बॉस, यात लॅपटॉपच्या मेंदूचा काही दोष नाही. दोष त्याच्या पोटातल्या हार्ड डिस्कचा! २०१८-१९ च्या सुमारास घेतलेल्या कितीतरी लॅपटॉपमध्ये प्रोसेसर झकास असायचा आणि स्टोरेजला मात्र मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी १ टीबीची डिस्क. म्हणजे घोडा शर्यतीचा आणि जुंपलाय बैलगाडीला.

फंडा सोप्पा आहे. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीकसा हात पुढे-मागे सरकत डेटा शोधतो. दर शोधाला दहा-पंधरा मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो चिल्लर फायली मागतं आणि तो बिचारा हात नुसता धावत राहतो. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाहीच, सगळा चिपचा कारभार. साधी, त्याच जागी बसणारी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या वर वाचते. जुनी डिस्क १०० च्या आसपास रेंगाळते.

हे सगळं ज्ञान मला झालं ते बाबांच्या लॅपटॉपमुळे. चुलतभावाचा सल्ला तयारच होता, ‘‘अगं, नवी डिस्क टाक आणि फॉरमॅट मारून मोकळी हो!’’ ऑफिसच्या लॅपटॉपला मीही तेच केलं असतं. पण या डिस्कवर आजीच्या ओव्या होत्या. जात्यावरच्या, तिच्या तोंडून बाबांनी उतरवून घेतलेल्या. मूळ वही २६ जुलै २००५ च्या पुरात भिजली. तेव्हा बाबांचं डोंबिवलीत छोटंसं डीटीपीचं काम होतं. पानं वाळवत वाळवत त्यांनी त्या ओव्या श्री-लिपीत टाइप केल्या आणि मग एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेत राहिले. आजी गेली, वहीचा लगदा झाला, उरल्या त्या एवढ्या फायली. आणि क्रिस्टल-डिस्क-इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कच्या नावासमोर पिवळा ‘कॉशन’ दाखवत होतं. म्हणजे काही सेक्टर खराब झालेले, आणखी होण्याच्या मार्गावर.

लॅमिंग्टन रोडवर एसएसडी घेताना दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, क्लोन मारून देऊ? जसंच्या तसं सगळं येईल.’’ ऑफर चांगली होती, ठणठणीत डिस्कसाठी क्लोन मस्तच. पण आजारी डिस्कचा क्लोन म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचून काढणं. तेवढ्या वेळात ती वाटेतच दम तोडू शकते. शिवाय वाचता न आलेल्या सिस्टिम फायलींची भोकं नव्या डिस्कवरही तशीच येतात. म्हणून मी ठरवलं, आधी मोलाचं सामान बाहेर, मग विंडोज कोरं.

आणि हो, डिस्कमधून ‘टक... टक...’ असा आवाज येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून लॅपटॉप आधी बंद करा. ते घरचं काम नाही, डेटा रिकव्हरीवाल्यांचं आहे.

आमची डिस्क टकटकत नव्हती. पाठीमागचे स्क्रू काढले, झाकणाच्या फटीत एक जुनं प्लॅस्टिकचं कार्ड फिरवलं, आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा केला आणि मग डिस्क. (हाताची स्थिर वीज घालवायला आधी एखाद्या धातूला हात लावायचा, एवढंच.) ती डिस्क यूएसबी केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली. इथे एक इशारा. तुमची डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर ती ४८ आकडी किल्ली मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये असते. डिस्क काढण्याआधीच शोधून कागदावर लिहून ठेवा.

सगळ्यात आधी ओव्यांचं फोल्डर. मग फोटो. मग, आणि हे कुणीच सांगत नाही, विंडोजच्या फोल्डरमधला ‘फॉण्ट्स’! कारण श्री-लिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये मराठी नसतंच मुळी. आत असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड. फॉण्ट त्यांच्या अंगावर मराठी अक्षरांचे कपडे चढवतो. फॉण्ट गेला की उरते एबीसीडीची खिचडी. घरोघरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सोसायटीची इतिवृत्तं, लग्नपत्रिका, आजोबांची आत्मचरित्रं अशीच पडून आहेत. एक फॉरमॅट मारला की संपलं.

ओव्यांच्या सगळ्या फायली आल्या. तीन सोडून. त्या तिघींवर कॉपीचा हिरवा पट्टा अडकायचा आणि डिस्क गप्प व्हायची. दोनदा प्रयत्न केला, मग थांबले. बाबा शेजारीच बसले होते. म्हणाले, ‘‘राहू दे. बाकीचं तर घे आधी.’’

आता विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे नव्या डिस्कवर पुन्हा तेच टाकण्यात काही अर्थ नव्हता. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागतं. बाबांचा प्रोसेसर नेमका आठव्या पिढीचा. टीपीएम मात्र झोपलेलं होतं. बायोसमध्ये जाऊन ‘पीटीटी’ नावाचं ऑप्शन चालू केल्यावर जागं झालं. लॅपटॉप याहून जुना असेल तर जबरदस्ती करू नका. लिनक्स मिंट टाका, ब्राउझर आणि टायपिंगसाठी ते छान पळतं.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेतलं, ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवला (त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, गाणी काढून घ्या) आणि त्यावरून लॅपटॉप सुरू केला. पूर्वी एक्सपी टाकताना सीडीच्या कव्हरवरची २५ अक्षरं डोळे फाडून वाचावी लागायची. आता तेवढी दगदग नाही. विंडोज ८ च्या काळापासून विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपची किल्ली मदरबोर्डमध्येच कोरलेली असते. डिस्क बदलली तरी मदरबोर्ड तोच, त्यामुळे नेट मिळालं की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं. नवी की विकत घ्यायला सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा.

‘कुठे टाकू?’ असं विचारल्यावर ‘अनअलोकेटेड स्पेस’ निवडायचं आणि नेक्स्ट. पार्टिशन तेच पाडून घेतं. या वेळी दुसरी कुठलीही डिस्क जोडलेली नको, विशेषतः जुनी! यादी रिकामीच दिसली तर घाबरू नका. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला एसएसडी दिसण्यासाठी इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. एक्सपीच्या जमान्यात एफ-सिक्स दाबून फ्लॉपी घालायचे, तीच गोष्ट नव्या वेषात. आमच्याकडे दिसली एसएसडी, पण वाय-फाय गायब. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, काम झालं. नव्याने टाकलेलं विंडोज ११ बऱ्याचदा डिस्कला आपोआप कुलूप लावतं, तेव्हा ती ४८ आकडी किल्लीही लगेच जपून ठेवली.

पासवर्ड टाकून बाबांनी सवयीने किटलीकडे हात नेला, तर डेस्कटॉप हजर! पण त्यांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. ‘‘फायली उघड आधी.’’ उघडल्या. खिचडी. जपून आणलेला फॉण्ट टाकला आणि खिचडीतून ओव्या वर आल्या.

पुढचे तीन वीकेण्ड युनिकोडचे. कन्व्हर्टर वेग दाखवतो, पण जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलट. तिथे कन्व्हर्टर हमखास गडबडतो. मी स्क्रीनवर वाचायची, बाबा ऐकून चूक पकडायचे. आणि हरवलेल्या तीन फायलींसाठी त्यांनी नगरला आत्याला फोन लावला. कॉम्प्युटरशी तिचा काडीचा संबंध नाही. ‘‘कुठल्या रे? भावाच्या का?’’ म्हणून तिने स्पीकरवरच सुरुवात केली, मधेच एक विसरली, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. तिसऱ्या फाइलमधल्या मात्र तिलाही आठवत नाहीत. आत्या दिवाळीला येतेय, तेव्हा पुन्हा बसायचं ठरलंय. तोवर जुनी डिस्क कपाटात आहे, टाकलेली नाही.