एक खेळाडू, अनेक पात्रे
अमेरिकेतल्या पार्सिपनीत रात्रीचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ, झालेले असतात. त्यामुळे दोन्हीकडच्या खेळाडूंची भूमिकाधारी विज्ञानकथा, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पात्राचे संवाद व कृती लिहीत पुढे न्यायची सामूहिक कथा, बहुधा सवडीने लिहिलेल्या मजकुरावरच चालते. एकाच खेळाडूकडे यानाचा कप्तान आणि अभियंता अशी दोन्ही पात्रे असली, तर कोणाला काय ठाऊक आहे याची स्वतंत्र नोंद ठेवावीच लागते, कारण एकाला कळलेले गुपित दुसऱ्याच्या तोंडी आले की कथानक कोसळते. (स्वतःच्याच दोन पात्रांना तासन्‌तास बोलत ठेवणे हा तर इतरांवर अन्यायच.) ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री नाटकात लक्ष्मण देशपांडे एकटे 52 पात्रे उभी करीत, ती आवाज, बोली आणि देहबोलीच्या बळावर; लिखित खेळात मात्र आवाज व देह दोन्ही नसल्याने पात्रे वेगळी ओळखू येण्यासाठी बोली, वाक्याची लांबी आणि शब्दांची निवड यांवरच भिस्त राहते.