पुण्याची साक्ष

कालेय तारकासमूहातली ‘कॅट्स आय’ तेजोमेघिका मी पहिल्यांदा दुर्बिणीतून पाहिली, तेव्हा छायाचित्रांतली रंगांची उधळण तिथे नव्हती. होता एक हिरवट-निळसर ठिपका. तो हिरवा रंग तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. सूर्यासारखा तारा उतारवयात फुगतो, अंगावरचे थर सोडून देतो आणि उघडा पडलेला तप्त गाभा त्या वायूला उजळवतो; ही तेजोमेघिका तशीच घडलेली. पण तो हिरवा उजेड कशाचा, यावर त्रेसष्ट वर्षं काथ्याकूट चालला. त्यातली एक साक्ष पुण्याहून गेली होती!

२९ ऑगस्ट १८६४ रोजी लंडनजवळ विल्यम हगिन्सने याच तेजोमेघिकेचा वर्णपट पाहिला. ताऱ्यांसारखा रंगीत पट्टा नाहीच, नुसत्या तेजस्वी रेषा. म्हणजे हा वायू! पण मुख्य हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना.

पुढे नॉर्मन लॉकियर वादात उतरले. सूर्यात हेलियम ओळखणारा हा माणूस. त्यांच्या शब्दाला वजन होतं. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ती रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड, असं त्यांचं म्हणणं. तसं असेल तर रेषा एका बाजूला रेखीव आणि दुसऱ्या बाजूला पुसट होत गेलेली दिसायला हवी. हगिन्स म्हणत, ती दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे. एका रेषेची कड कशी दिसते, यावर विश्वाच्या घडणीचा एक अख्खा सिद्धान्त टांगलेला होता.

या वादात पुण्याहून साक्ष दिली ती कावसजी दादाभाई नाएगामवालांनी. ते आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकी शिकवत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढीच भर घातली आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये नाएगामवालांची वेधशाळा उभी राहिली. तिथली दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी. त्यांनी ती मृगातल्या तेजोमेघाकडे वळवली. तो ताऱ्यांच्या जन्माचा प्रदेश, पण हिरवी रेषा तीच. त्यांचा निष्कर्ष १८९१ मध्ये छापून आला: कशीही पाहिली तरी रेषा बारीक आणि रेखीवच दिसते. लिक वेधशाळेत जेम्स कीलरने काटेकोर तरंगलांबी मोजली, तीही मॅग्नेशियमशी जुळली नाही. माझ्या मते कीलरच्या आकड्याइतकाच नाएगामवालांचा डोळाही लक्षात राहायला हवा होता.

मॅग्नेशियम बाद झालं, आणि ‘नेब्युलियम’ नावाच्या अज्ञात मूलद्रव्यावर सगळे विसंबून राहिले. १९२७ मध्ये आयरा बोवेनने कोडं सोडवलं: हा तर दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन! ही रेषा सोडण्यापूर्वी तो अणू सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ उत्तेजित राहतो. हवेत तेवढ्या वेळात त्याला अगणित टकरा बसतील. तेजोमेघिकेत मात्र घनसेंटिमीटरमागे जेमतेम काही हजार कण असतात, म्हणून त्याला तेवढी उसंत मिळते.

पुण्याची वेधशाळा नाएगामवाला निवृत्त होताच, १९१२ मध्ये बंद झाली. तिला वारस नेमला गेला नाही, हे मला आजही खुपतं. दुर्बीण कोडाईकनालला गेली. बोवेनचं उत्तर आलं तेव्हा नाएगामवाला हयात होते, सत्तरीत.