बाँबे आफ्रिकन

पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेले जात असता मुक्त झालेल्या, मुंबई व नासिक येथे वाढलेल्या आणि पुढे स्वदेशाच्या किनाऱ्यावर जाऊन वसलेल्या लोकांस मोंबासा परिसरात पडलेले नाव. यांतील अनेक जण याओ व मालावी सरोवराभोवतीच्या इतर जमातींचे होते.

हिंदुस्थानात १८४३ च्या अधिनियमाने गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेतला. तथापि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तान व इराणी आखाताकडे होणारी गुलामांची वाहतूक चालूच राहिली. ब्रिटिश आरमार अशी गलबते पकडी व त्यांतील माणसे एडन, मुंबई इ. बंदरांत उतरवी. मुंबईत प्रौढांपैकी पुष्कळ जण गोदीत, घरकामास वा आगबोटींच्या भट्ट्यांवर लागत. मुलांना मिशनरी संस्थांकडे सोपविले जाई. त्यांना सरसकट ‘सिदी’ म्हणत. जंजिऱ्याचे सिद्दी यांहून निराळे व पुष्कळ आधीचे.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये नासिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. तेथील आफ्रिकन आश्रमात मुलांना इंग्रजी वाचन-लेखन, सुतारकाम व लोहारकाम शिकविले जाई. मुलांची मूळ नावे मात्र मागे पडली आणि जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन अशी नावे त्यांना मिळाली. कोठे राहावे, काय शिकावे, केव्हा परतावे, हेही इतरांनीच ठरविले. मुक्तता आणि स्वातंत्र्य यांतील हे अंतर या लोकांच्या इतिहासात शेवटपर्यंत जाणवते.

डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या अखेरच्या सफरीसाठी नासिकचे नऊ तरुण बरोबर घेतले (१८६६). १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सुटलेला चुमा याला त्याने १८६४ मध्ये मुंबईस आणून डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेविले होते. तोही या सफरीत सामील झाला. १८७२ मध्ये वेनराइट, वेलिंग्टन, कॅरस फेरार प्रभृती आणखी सहा नासिककर येऊन मिळाले. मे १८७३ मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा वेनराइटने प्रार्थना वाचली व झाडाच्या खोडावर मजकूर कोरला. चुमा व सुसी यांच्या नेतृत्वाखाली सु. १,६०० किमी. अंतर तुडवून हे लोक देह घेऊन फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोला पोहोचले. लंडनपर्यंत देहासोबत गेला तो एकटा वेनराइट. पुढील ग्रंथांनी या मंडळींस ‘निष्ठावंत सेवक’ एवढ्यावरच संपविले, हे अन्यायाचे होय. वाटेतील संकटांत निर्णय त्यांचे होते.

विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर व जॉर्ज डेव्हिड हे १८६४ मध्येच मोंबासाजवळील रबाई येथील मिशनच्या मदतीस गेले होते. सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणाऱ्या गुलामव्यापारास बंदी घातली, आणि १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासासमोर फ्रिअर टाउन वसविले. नासिकच्या आश्रमातील बहुतेक लोक तेथे आणण्यात आले. तेथील शिक्षक, कारागीर, दुभाषे तेच होते. तरीही वेतन व दर्जा यांवरून युरोपीय मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडत. जोन्स व सेमलर यांस १८८५ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली.

रबाई येथे जोन्सने मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांस थारा दिला. स्थानिक मालक यामुळे संतापले आणि मिशनच्या वरिष्ठांनाही हे अडचणीचे वाटे; पण गुलामीतून सुटलेला माणूस पळून आलेल्याला परत पाठवील, ही अपेक्षाच विचित्र होती. अखेर इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांस भरपाई देऊन विविध मिशन-केंद्रांतील अशा सु. १,४०० जणांस मुक्त केले. त्यांस १ जानेवारी १८८९ रोजी मुक्ततेचे दाखले देण्यात आले.

वेनराइट १८९२ मध्ये उरांबो येथे, तर वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबासा येथे निवर्तला. फ्रिअर टाउनमधील मुक्त गुलामांच्या पुढील पिढीतील जेम्स म्बोतेला याने त्या समाजाची हकीकत स्वाहिली भाषेत लिहिली (१९३४). फ्रिअर टाउनची जुनी घंटा मोंबासात अजून उभी आहे. नासिकमध्ये शरणपूर हे नाव एका गजबजलेल्या रस्त्यास राहिले आहे.