गोळ्या घेणाऱ्यांना सेन्सर कशासाठी?

पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडीच्या पट्ट्यात कारखाने रात्रंदिवस पाळ्यांमध्ये चालतात. मधुमेहाच्या चिठ्ठीवर मात्र 'सकाळी नाश्त्यापूर्वी एक गोळी' एवढंच लिहिलेलं असतं. रात्रपाळी करून सकाळी घरी येणारा कामगार चार घास खाऊन झोपतो. त्याची 'सकाळ' कोणती धरायची? त्याचा आजार आटोक्यात आहे की नाही हे ठरतं उपाशीपोटीच्या एका शुगरवर आणि फार तर तीन महिन्यांच्या सरासरीवर, म्हणजे एचबीए१सीवर. मधल्या काळात साखर किती चढली, किती उतरली, हे दंडावर लावायचा सेन्सर दाखवतो. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी त्याची गरज आता कुणी नाकारत नाही. वाद आहे तो फक्त गोळ्यांवर असलेल्यांबद्दल. त्यांनी तो बारा महिने लावून फिरण्याचं कारण नाही, पण एखादा नेमका प्रश्न घेऊन चौदा दिवस लावावा, असं मी पुराव्यांच्या आधारे म्हणतो.

सेन्सर म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूला चिकटणारी नाण्याएवढी किंवा जरा मोठी चकती. तिच्यातली केसासारखी बारीक तार कातडीखाली काही मिलिमीटर जाते आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजते. ही मोजणी रक्तातली नसल्यामुळे आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. त्याच कुशीवर झोपलं तर दाबामुळे साखर खोटीच कमी दिसते. म्हणून आकडा आणि अंगातली लक्षणं जुळली नाहीत, की बोटातून रक्त काढून खात्री करावीच लागते. पण एचबीए१सीही निर्दोष नाही. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर ती वाढलेली दिसू शकते, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे.

या भागातल्या लोकांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का, याचं उत्तर इथल्याच संशोधनात आहे. शेजारच्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं ग्रामीण केंद्र गेली अनेक वर्षं शिरूर-हवेलीतल्या गावांच्या आरोग्याची नोंद ठेवत आहे. त्याच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो, पण इथल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे शरीराची ही ठेवण घेऊन वाढलेल्या, सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठू शकतो. त्यात आपल्या ताटातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी भाकरी, भात, पोळी, साखर अशा कर्बोदकांतून येतात. उपाशीपोटी ११० शुगर असणारा माणूस जेवणानंतर दीड तासाने २४० वर असू शकतो, आणि पहाटेच्या तपासणीत ते कधीच दिसत नाही.

सेन्सरवर पहिला आक्षेप बोट टोचण्याच्या जुन्या अनुभवातून येतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० रुग्णांपैकी काहींनी रोज घरी शुगर मोजली, काहींनी मोजली नाही. वर्षअखेर दोघांच्या एचबीए१सीमध्ये लक्षणीय फरक नव्हता. हा आक्षेप मला खरा वाटतो. रोज एक आकडा पाहून काय बदलायचं हे कळत नसेल, तर मोजणं वाया जातं. पण कॅनडातल्या 'इमीडिएट' चाचणीत अशाच ११६ रुग्णांत मधुमेह सांभाळण्याचं शिक्षण सर्वांना दिलं आणि सेन्सर निम्म्यांनाच. सोळा आठवड्यांनी सेन्सरवाल्यांची साखर ७० ते १८० च्या दरम्यान राहण्याचा वेळ दिवसाला जवळजवळ अडीच तासांनी जास्त होता. एचबीए१सी मात्र केवळ ०.३ टक्क्यांनी जास्त उतरली. चमत्कार म्हणावा असं हे नाही. पिठलं-भाकरी खाल्ल्यावर सेन्सरच्या आलेखावरची रेघ किती चढते आणि भाकरी एक कमी करून वर उसळ घेतली तर किती, हे स्वतःच्या अंगावर दिसतं, तेव्हा सल्ला पटतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात, आणि सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या घेणाऱ्याला हा खर्च परवडत नाही. म्हणूनच निवड करावी लागते. फक्त मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्याची साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. तपासण्या चांगल्या असतील तर त्याने सेन्सरमागे धावू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याचं तसं नाही. ती पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन बाहेर काढायला लावते, त्यामुळे रात्रपाळीनंतर न जेवता झोपणारा, एकादशी-नवरात्राचे उपास करणारा, किंवा मूत्रपिंड अधू झालेला वयस्क माणूस झोपेतच ७० च्या खाली जाऊ शकतो. घाम फुटून जाग आली तरी तो उकाड्याला दोष देतो. अशांना पहिला सेन्सर मिळायला हवा. त्या दोन आठवड्यांत जेवण, गोळी, पाळी आणि झोप यांच्या वेळा वहीत लिहाव्यात आणि आलेखासकट ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळीची वेळ किंवा मात्रा आपल्या मनाने बदलू नये. डॉक्टरांनी बदलली, तर काही महिन्यांनी दुसरा सेन्सर लावून रात्रपाळीच्या आठवड्यातली रेघ पुन्हा पाहावी.