'आमच्यानंतर'च्या घराची पारख

बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी निवासी संस्था निवडताना इमारत, बाग आणि फी यांपलीकडे काय पाहावे? इंग्लंडमध्ये उघडकीस आलेली दोन प्रकरणे आणि तिथले संशोधन यांतून काही ठोस उत्तरे मिळतात.

मूल पाच-सहा वर्षांचे असताना पालक विशेष शाळा शोधतात. ते सोळा-सतरा वर्षांचे झाले की व्यवसाय प्रशिक्षणाची कार्यशाळा शोधतात. मग मुलगा पस्तिशीला येतो, आईची पाठ आणि वडिलांचे गुडघे बोलू लागतात आणि एकच प्रश्न उरतो: आमच्यानंतर याचे कोण करणार? बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांच्या कोणत्याही सभेत हा प्रश्न निघतोच.

हा प्रश्न मोठा होण्यामागे वैद्यकशास्त्राचे यशही आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान अमेरिकेसारख्या देशातही जेमतेम २५ वर्षे होते. हृदयाच्या जन्मजात दोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, जंतुसंसर्गावर वेळेत उपचार मिळू लागले आणि आज तिथे ते ६०च्या आसपास पोहोचले आहे. म्हणजे अनेक मुले आईवडिलांच्या पश्चात वीस-तीस वर्षे जगणार आहेत. भावंडे परगावी किंवा परदेशात असतात. अशा वेळी निवासी संस्थेचा विचार करण्यात पालकांनी अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. पण संस्था चांगली कशावरून, हे ओळखणे अवघड असते, कारण तिथे राहणाऱ्या अनेकांना तक्रार शब्दांत मांडता येत नाही.

चाळीस इशारे, एकही जोडला नाही

ब्रिटनमध्ये ज्याला 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात ती म्हणजे आपल्याकडची बौद्धिक अक्षमता. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता वेगळी. अशा प्रौढांसाठी ब्रिस्टलजवळच्या हॅम्ब्रुक इथे 'विंटरबोर्न व्ह्यू' नावाचे २४ खाटांचे खासगी रुग्णालय होते. 'सांभाळायला अवघड' ठरवलेल्या व्यक्तींना तिथे पाठवले जाई. प्रत्येकामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकारी तिजोरीतून जात. पैशांची ददात नव्हती.

३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने तिथले छुपे चित्रीकरण दाखवले. एक पत्रकार पाच आठवडे तिथे काळजीवाहक म्हणून राबला होता. रुग्णांना थपडा मारणे, केस ओढणे, जमिनीवर दाबून धरणे, अंगावरच्या कपड्यांसह शॉवरखाली ढकलणे, असे सगळे त्यात होते. महिन्याभरात रुग्णालय बंद झाले. पुढच्या वर्षी ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यांतल्या सहा जणांना तुरुंगवास.

चित्रफितीने देश हादरला. पण खरा धडा नंतरच्या चौकशीतून मिळाला. मार्गारेट फ्लिन यांनी २०१२मध्ये सादर केलेल्या अहवालातून दिसले की, इशारे मिळत होते. एका ज्येष्ठ परिचारकाने आधी व्यवस्थापनाकडे आणि मग सरकारी तपासणी यंत्रणेकडे तक्रार केली होती. स्थानिक कौन्सिलकडे तीन-साडेतीन वर्षांत ४० वेळा सूचना आल्या होत्या. प्रत्येक सूचना सुटी धरली गेली. त्या एकत्र ठेवून कोणी पाहिले नाही. रुग्णांना बळाने आवरल्याच्या २०१० या एका वर्षात ३७९ नोंदी होत्या. त्या रुग्णालयानेच केल्या होत्या, कागदावर होत्या. आणखी एक गोष्ट कोणालाही सहज दिसण्यासारखी होती: भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना वॉर्डात किंवा रुग्णाच्या खोलीत जाऊ दिले जात नसे.

त्यानंतर सरकारने आश्वासन दिले की, ज्यांना रुग्णालयात ठेवण्याची गरज नाही अशा सगळ्यांना १ जून २०१४पर्यंत वस्तीतल्या घरांत हलवले जाईल. ती मुदत पाळली गेली नाही. दशकभरानंतरही सुमारे दोन हजार बौद्धिक अक्षम आणि स्वमग्न व्यक्ती इंग्लंडच्या मानसिक आरोग्य रुग्णालयांत होत्या. २०१९मध्ये 'पॅनोरमा'ने डरॅम परगण्यातल्या 'व्हॉर्लटन हॉल' या रुग्णालयातले तसेच चित्रीकरण दाखवले. त्या रुग्णालयाला तपासणी यंत्रणेने २०१७मध्ये 'चांगले' अशी श्रेणी दिलेली होती.

तपासनीस अग्निशामक नळकांडी मोजू शकतो, रजिस्टर पाहू शकतो, स्वच्छतागृहांची संख्या लिहू शकतो. रात्रपाळीला एकटा असलेला माणूस अंथरूण ओले केलेल्या प्रौढाशी कोणत्या आवाजात बोलतो, हे त्याला दिसत नाही. म्हणून प्रमाणपत्र आवश्यक असले, तरी तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

गोळीने काय साधते?

निवासी संस्थांत सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे 'त्रास देतो'. ओरडतो, मारतो, स्वतःला चावतो. त्यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे मनोविकारांवरची औषधे. त्यांचा उपयोग किती, हे तपासणारा एक महत्त्वाचा अभ्यास २००८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी आक्रमक वर्तन असलेल्या, पण मनोविकार नसलेल्या ८६ बौद्धिक अक्षम व्यक्तींचे तीन गट केले. एकाला रिस्पेरिडोन, दुसऱ्याला हॅलोपेरिडॉल आणि तिसऱ्याला औषधी गुण नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली. चार आठवड्यांनी तिन्ही गटांतली आक्रमकता कमी झाली होती आणि सर्वांत जास्त घट नुसत्या गोळीच्या गटात होती.

याचा अर्थ प्रत्येक औषध निरुपयोगी असा नाही. खरा मनोविकार असेल तर औषध लागतेच आणि चालू असलेले औषध पालकांनी परस्पर बंद करणे धोक्याचे असते. पण या अभ्यासाने एक गोष्ट पुढे आणली: माणसाकडे नियमित लक्ष दिले गेले, कोणी तरी त्याची विचारपूस केली, की बराच फरक पडतो. २०१५मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने अंदाज काढला की, तिथे कोणत्याही एका दिवशी ३० ते ३५ हजार बौद्धिक अक्षम प्रौढ योग्य वैद्यकीय कारण नसताना मनोविकारांवरची किंवा नैराश्यावरची औषधे घेत असतात. पुढच्याच वर्षी ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करण्याची मोहीम तिथे सुरू झाली. अशा औषधांनी वजन वाढते, मधुमेहाचा धोका वाढतो, गुंगी येते, बद्धकोष्ठता होते. गुंगीत बसलेला माणूस त्रास देत नाही. पण तो बरा आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही.

'त्याचा स्वभावच तसा'

शांत स्वभावाची चाळिशीची स्त्री अचानक डोके भिंतीवर आपटू लागते. 'यांचे असेच असते' म्हणून सोडून दिले, तर तिची किडलेली दाढ कोणाला दिसत नाही. प्रत्येक लक्षणाचे खापर मूळ अक्षमतेवर फोडण्याची ही चूक डॉक्टरांकडूनही होते. कानात साठलेला मळ, मूत्रमार्गाचा संसर्ग, पाळीच्या वेळची पोटदुखी, पित्त या सगळ्यांची पहिली खूण बदललेली वागणूक हीच असू शकते.

त्यांतले काही आजार या व्यक्तींत अधिक आढळतात. साधारण पाचांपैकी एकाला अपस्मार म्हणजे फिट्सचा आजार असतो. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडची कमतरता आणि तुलनेने लहान वयात येणारा अल्झायमर यांचे प्रमाण मोठे असते. 'आळशी झालाय', 'हट्टी झालाय' असे वाटते तेव्हा यांपैकी काही तरी सुरू झालेले असू शकते. गिळायला त्रास होणाऱ्याला घाईने किंवा आडवे असताना भरवले, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. बद्धकोष्ठता ऐकायला किरकोळ वाटते. पण दिवसेंदिवस शौचाला न झाल्याकडे दुर्लक्ष होऊन आतडे तुंबल्याने मृत्यू झाल्याची प्रकरणे इंग्लंडमध्ये नोंदली गेली आहेत.

तिथे बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या मृत्यूंचा स्वतंत्र आढावा घेतला जातो. २०२१च्या आढाव्यात ४९ टक्के मृत्यू टाळता येण्यासारखे होते. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण २२ टक्के होते. म्हणजे अक्षमता हेच अकाली मृत्यूचे कारण मानणे चूक आहे. बऱ्याचदा कोणाच्या तरी वेळीच लक्षात न येणे हे कारण असते. आणि लक्षात येण्यासाठी रोज तोच माणूस जवळ असावा लागतो. ज्या संस्थेत मावश्या आणि दादा दर दोन महिन्यांनी बदलतात, तिथे 'काल हिचे जेवण कमी झाले होते' हे सांगणारे कोणी उरत नाही. कर्मचाऱ्यांचा पगार, त्यांच्या सुट्ट्या, त्यांचे प्रशिक्षण हे म्हणूनच रुग्णाच्या आरोग्याचे विषय आहेत.

भाजी निवडणारे हात

चांगल्या संस्थेची दुसरी खूण म्हणजे दिवस. अनेक ठिकाणी सगळे स्वच्छ असते, वेळेवर जेवण मिळते आणि उरलेला वेळ टीव्हीसमोर ओळीने बसण्यात जातो. ब्रिटनमध्ये जिम मॅन्सेल आणि इतरांनी विकसित केलेल्या पद्धतीचा गाभा सोपा आहे: कर्मचाऱ्याने काम त्याच्यासाठी करायचे नाही, त्याच्याबरोबर करायचे. एखाद्याला अख्खा स्वयंपाक जमणार नाही, पण मटार सोलता येतील. तेही न जमणारा सोललेले मटार भांड्यात टाकेल. कपड्यांची घडी, दुकानात पैसे देणे, झाडांना पाणी, प्रत्येक काम लहान लहान पायऱ्यांत मोडायचे आणि जेवढी गरज तेवढीच मदत करायची. वेळ जास्त लागतो, मटार सांडतात. पण माणूस दिवसभर नुसता बसून राहत नाही. ज्याच्या हाताला काम आणि शब्दाला किंमत असते, त्याच्या 'त्रास देण्या'चे प्रमाणही अनेकदा कमी होते.

निवड हाही याचाच भाग आहे. आज निळा शर्ट की पिवळा, चहा की दूध, शेजारच्या खाटेवर कोण, हे त्याला विचारले जाते का? बोलता येत नसेल तर चित्र दाखवून, वस्तू पुढे धरून विचारता येते.

आपल्याकडे

संस्थेची सोय माणसापेक्षा मोठी झाली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. फेब्रुवारी १९९४मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षम स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या काळात त्यांची स्वच्छता राखणे जमत नाही, हे कारण दिले गेले. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर शस्त्रक्रिया थांबल्या.

त्यानंतर कायदा पुढे आला. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार अशा संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे. तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असावे लागते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती करते. पालक नेमलेल्या व्यक्तीने छळ किंवा हेळसांड केली, तर नातेवाईक तिला काढून टाकण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकतात. न्यासाच्या 'समर्थ' आणि 'घरौंदा' या योजना निवासासाठी, तर 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे.

पण घर निवडताना डोळे उघडे ठेवण्याला पर्याय नाही. संस्था पाहायला जाणाऱ्यांनी हे प्रश्न विचारायला हरकत नाही:

• न कळवता, जेवणाच्या किंवा संध्याकाळच्या वेळी आलो तर आत सोडाल का? झोपायची खोली आणि स्वच्छतागृह पाहता येईल का?
• रात्री किती जणांमागे एक कर्मचारी असतो? सर्वांत जुना कर्मचारी किती वर्षे इथे आहे?
• वजन, शौच, पाळी, फिट्स यांची नोंद कोण ठेवते? ती पालकांना दाखवता का?
• दात, डोळे, कान, थायरॉइड, रक्तातली साखर यांची तपासणी दरवर्षी होते का? मानसिक औषधांचा फेरविचार डॉक्टर कधी करतात?
• कोणी चिडला, मारू लागला तर नेमके काय करता? बांधणे, कोंडणे, जेवण बंद करणे हे होते का?
• कालचा दिवस इथल्या एखाद्याने कसा घालवला, ते सांगाल का?

उत्तरांइतकेच चेहऱ्यांकडेही पाहावे. कर्मचारी खोलीत येताच तिथले लोक त्याच्याकडे सरकतात, की अंग चोरतात, हे दहा मिनिटांत कळते.

आणखी एक काम पालकांनीच करण्यासारखे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. 'पोट दुखले की हा गुडघे छातीशी घेतो. ताप आला की गप्प होतो. अंधाराची भीती नाही, कुकरच्या शिट्टीची आहे. गोळी केळ्यातून घेतो.' हे सारे आईला ठाऊक असते आणि बहुतेकदा आईबरोबरच जाते. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षम व्यक्ती रुग्णालयात जाताना अशा माहितीची पुस्तिका बरोबर नेतात. साध्या शंभर पानी वहीत ती मराठीत लिहिता येते. मुलगा तीस वर्षांचा असतानाच त्याला अधूनमधून चार-आठ दिवस संस्थेत ठेवून पाहिले आणि ती वही तिथल्या मावशीच्या हातात दिली, तर ती नीट वाचली जाते की कपाटात पडून राहते, हे आईवडिलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.